जिवाणू समोरच होता : जठराची एक बायोप्सी आणि दोन सूक्ष्मदर्शी

प्रकाश सूक्ष्मदर्शी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी यांची तुलना बहुतेक ठिकाणी तक्त्यात उरकली जाते. एकीकडे काचेची भिंगे, दुसरीकडे विद्युतचुंबकीय. एकीकडे हजारपट, दुसरीकडे लाखोपट. एकीकडे रंगीत चित्र, दुसरीकडे काळे-पांढरे. तक्त्यात खोटे काही नसते. पण तो पाठ केलेल्या विद्यार्थ्याला वाटू लागते की दुसरे यंत्र म्हणजे पहिल्याचीच महाग आणि ताकदवान आवृत्ती, आणि परवडले असते तर सगळ्यांनी तेच घेतले असते. हा समज काढायला एक प्रकरण पुरते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १९७९ पासून पुढच्या पाच वर्षांत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू कसा उजेडात आला, ते हे प्रकरण. यात दोन्ही सूक्ष्मदर्शींनी काम केले आहे. मात्र कोणी, कधी, काय दाखवले हा क्रम तक्ता वाचून जो अंदाज बांधाल त्याच्या उलटा निघतो.

पर्थमधली स्लाइड

११ जून १९७९ हा रॉबिन वॉरन यांचा ४२ वा वाढदिवस. रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये ते पॅथॉलॉजिस्ट होते. त्या दिवशी त्यांच्यासमोर जठराच्या बायोप्सीची एक स्लाइड आली. स्टेन, म्हणजे ऊतक रंगवायचे रसायन, नेहमीचाच, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन: पेशींची केंद्रके निळी-जांभळी, बाकी सगळे गुलाबी. आजही कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये पहिली स्लाइड याच रंगांत तयार होते. जठराच्या अस्तराला तीव्र सूज होती, त्यात विशेष काही नव्हते. पण अस्तराच्या अगदी वरच्या कडेला एक पुसटशी निळसर रेघ दिसत होती, आणि ती तिथे असायला नको होती.

वॉरन यांनी जास्त ताकदीचे भिंग लावले. रेघ फुटली आणि तिच्या जागी बारीक, वाकड्या काड्या दिसू लागल्या. काही इंग्रजी एस अक्षरासारख्या. त्यांनी सहकाऱ्यांना बोलावून दाखवले. त्यांना काही दिसेना. मग वॉरन यांनी त्याच ऊतकाचा दुसरा काप घेऊन त्यावर वॉर्थिन-स्टारी हा चांदीचा स्टेन करून घेतला. ही पद्धत १९२० च्या सुमारास सिफिलिसचे जिवाणू शोधण्यासाठी तयार झालेली, म्हणजे तेव्हाच साठीला आलेली. नव्या स्लाइडवर पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर काड्या उमटल्या, आणि त्या पाहायला जास्त ताकदीच्या भिंगाचीही गरज उरली नाही. कमी ताकदीवरच पृष्ठभागावर त्यांची रांग दिसत होती.

वॉरन यांनी रिपोर्टमध्ये नोंदवले की अस्तराच्या पेशींना चिकटून मोठ्या संख्येने जिवाणू आहेत, ते वाढत असावेत, बाहेरून आलेली घाण वाटत नाहीत. याचा अर्थ काय ते सांगता येत नाही, पण अधिक तपास करण्याजोगे आहे. त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे जठरातल्या आम्लात जिवाणू टिकूच शकत नव्हते, म्हणून ही दोन-तीन वाक्ये लिहायलाही धाडस लागत होते. पुढची तीन वर्षे ते अशा स्लाइड बाजूला काढत राहिले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ला पाठवलेल्या पत्रात त्यांनी १३५ बायोप्सींचा हवाला दिला, आणि त्याच पत्रात हेही लिहिले की नेहमीच्या स्टेनमध्ये हे जिवाणू दिसायला अवघड आहेत, चांदीच्या स्टेनमध्ये मात्र चांगले उठून दिसतात. या प्रकरणातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य माझ्या मते हेच.

ताकद कमी पडत होती का?

आकडे मांडून पाहू. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता यांवरून ठरते. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि १.४ क्षमतेचे तेलातले भिंग घेतले, तर ५५० भागिले २.८ (१.४ ची दुप्पट), म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. याखालच्या दोन गोष्टी नेहमीच्या प्रकाश सूक्ष्मदर्शीत एकमेकींत मिसळून जातात. चित्र कितीही मोठे केले तरी मोठा होतो तो फक्त धुरकटपणा.

आता जिवाणू. हेलिकोबॅक्टर पायलोरीची लांबी दोन ते चार मायक्रॉन, जाडी अर्धा ते एक मायक्रॉन. म्हणजे सगळ्यात बारीक बाजूनेही ५०० नॅनोमीटर, मर्यादेच्या अडीचपट. लांबीला तर दहा-वीसपट. तो विसाव्या शतकातल्याच काय, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिळणाऱ्या चांगल्या सूक्ष्मदर्शीतही दिसण्याजोगा होता, आणि दिसलाही होता: इटलीत जुलिओ बिझोझेरो यांनी १८९० च्या दशकात कुत्र्यांच्या जठरात असे मळसूत्री जिवाणू पाहून त्यांची चित्रे काढली होती.

तेव्हा अडचण विभेदनक्षमतेची नव्हती, उठावाची होती. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये हे जिवाणू भोवतालच्या श्लेष्म्याच्या (अस्तरावरच्या चिकट थराच्या) आणि पेशींच्या कचऱ्याच्याच रंगछटेत बुडून जातात. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिलेले अक्षर दुर्बिणीतून पाहिले तरी वाचता येत नाही, तसे. चांदीचा स्टेन दोन गोष्टी करतो. तो जिवाणू काळा करतो, आणि चांदीचे कण त्याच्या अंगावर बसल्यामुळे तो असतो त्यापेक्षा जाडही दिसतो. सूक्ष्मदर्शी तोच, भिंग तेच, बदलली ती फक्त रसायनांची बाटली.

चुकीच्या स्टेनवर विसंबण्याची किंमत आधी एकदा मोजून झाली होती. १९४० मध्ये अमेरिकेत फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांवर चांदीचा स्टेन वापरला होता, आणि एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत त्यांना मळसूत्री जिवाणू सापडले होते. मग १९५४ मध्ये एडी पामर यांनी एक हजाराहून जास्त बायोप्सी तपासल्या आणि एकातही जिवाणू नाहीत असा निष्कर्ष काढला. नमुने भरपूर होते, चिकाटी होती. स्टेन मात्र हिमॅटॉक्सिलिन-इओसिन. त्या मोठ्या आकड्यापुढे १९४० चा लहान अभ्यास झाकोळला, आणि जठर निर्जंतुक असते हे पुस्तकातले वाक्य आणखी पंचवीस वर्षे पक्के झाले. नमुन्यांची संख्या वाढवून पद्धतीतली खोट भरून निघत नाही, हे संशोधन करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तरी दर पिढीत कोणीतरी ते पुन्हा करून दाखवतेच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने चार वर्षे आधीच पाहिला होता

पामर यांना जे दिसले नाही ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने दाखवले असते, असे इथे कोणी म्हणेल. दाखवले होते. १९७५ मध्ये इंग्लंडमधले स्टीअर आणि कॉलिन-जोन्स यांनी जठराच्या अल्सरच्या रुग्णांच्या बायोप्सी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली घातल्या. अस्तराच्या पेशींना लागून, श्लेष्म्याच्या थराखाली बसलेले जिवाणू त्यांच्या छायाचित्रांत स्वच्छ आले. पांढऱ्या पेशी अस्तरातून वाट काढत जिवाणूंकडे सरकताना दिसत होत्या. वॉरन यांच्या स्लाइडपेक्षा कितीतरी तपशीलवार पुरावा, तोही चार वर्षे आधी.

पुढे त्यांनी जिवाणू वाढवून पाहिले. पोषक द्रव्याच्या प्लेटवर आला तो स्यूडोमोनास, हॉस्पिटलातल्या ओल्या कोपऱ्यांत आणि उपकरणांवर हमखास भेटणारा. छायाचित्रातला जिवाणू आणि प्लेटवरचा जिवाणू एकच, असे धरले गेले आणि विषय तिथेच विरला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे चित्र कितीही बारकाईचे असले तरी त्यावर नाव छापलेले नसते. शिवाय त्या चित्रात रंग नसतो. काळे-करडे जे दिसते ते ऊतकावर चढवलेल्या ऑस्मियम, युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी इलेक्ट्रॉन किती अडवले त्याची छाया.

इथे यंत्राची आणखी एक बाजू समजून घ्यावी लागते, कारण तक्त्यात ती बहुधा एका ओळीतही नसते. अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी बर्लिनमध्ये १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी उभा केला, आणि १९३३ पर्यंत रुस्का प्रकाशाच्या मर्यादेपलीकडे पोहोचले. १०० किलोव्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर. चुंबकीय भिंगांच्या दोषांमुळे एवढे बारीक प्रत्यक्षात दिसत नाही. रेझिनमध्ये (टणक प्लास्टिकसारख्या पदार्थात) बसवलेल्या ऊतकाच्या कापात साधारण दोन नॅनोमीटरपर्यंत तपशील मिळतो. तरी प्रकाशाच्या शंभरपट.

पण इलेक्ट्रॉन हवेत भरकटतात, म्हणून आत निर्वात हवे. निर्वातात पाणी उकळून जाते, म्हणून ऊतक पूर्ण सुकवून टणक रेझिनमध्ये बसवावे लागते. आणि इलेक्ट्रॉन जाड वस्तूतून आरपार जात नाहीत, म्हणून काप हवा ७० नॅनोमीटरच्या आसपास. हे काप हिऱ्याच्या किंवा फोडलेल्या काचेच्या धारेने कापतात, आणि धारेला लागूनच असलेल्या इवल्याशा कुंडीतल्या पाण्यावर ते तरंगत येतात. जाडी मोजायला तिथे कोणी पट्टी लावत नाही, रंग बघतात. पाण्यावरचा काप चंदेरी दिसला तर जाडी बरोबर, सोनेरी झाला तर जरा जाड, जांभळा दिसला तर फेकून द्यायचा. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात त्यामागचे जे भौतिक, तेच इथे. इलेक्ट्रॉनसाठीची तयारी अशी शेवटी साध्या प्रकाशावरच तपासली जाते. मग तो काप तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर उचलून घ्यायचा.

आता हिशेब करा. दोन मिलिमीटर जाडीचा बायोप्सीचा तुकडा चार मायक्रॉनच्या कापांत कापला तर ५०० काप होतात. ७० नॅनोमीटरच्या कापांत २८,००० हून जास्त. दहा हजारपट मोठ्या केलेल्या १० सेंटिमीटरच्या छायाचित्रात ऊतकाचे फक्त १० मायक्रॉन मावतात, म्हणजे दोन मिलिमीटरची कड एकदा नजरेखालून घालायची तर ओळीने २०० छायाचित्रे; आणि तीही एकाच कापाची. त्यात हा जिवाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कुठे सलग, कुठे ठिपक्याठिपक्यांनी, कुठे एका खाचेतच. शिवाय चार मायक्रॉनच्या कापात जिवाणू अख्खा सामावतो आणि त्याचा वाकडेपणा नजरेत भरतो. ७० नॅनोमीटरच्या कापात त्याची चकती तेवढी मिळते. आडवा कापला गेला तर मळसूत्री जिवाणूसुद्धा गोल ठिपका दिसतो.

म्हणून ‘किती रुग्णांत आहे, कुठे आहे, सूज असते तिथेच असतो का’ हे प्रश्न इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे नव्हतेच. आणि या जिवाणूचे भवितव्य त्याच प्रश्नांवर ठरणार होते.

शंभर रुग्ण

१९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर वॉरन यांच्यासोबत आला. दोघांनी १९८२ मध्ये एंडोस्कोपीसाठी आलेल्या ओळीने १०० रुग्णांच्या बायोप्सी घेतल्या. लवचीक एंडोस्कोप तोवर रुळला होता, त्यामुळे ताजे ऊतक थेट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात, जात होते. शवविच्छेदनात मिळणारे जठर स्वतःच्याच रसात विरघळायला लागलेले असते, ती अडचण सुटली होती. पहिल्या तीसेक रुग्णांच्या प्लेट दोन दिवसांत फेकल्या गेल्या, कारण घशाचे-शौचाचे नेहमीचे जिवाणू तेवढ्यात उगवतात. एप्रिलमध्ये ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्टीत एक प्लेट इनक्युबेटरमध्येच राहिली आणि पाचव्या दिवशी तिच्यावर वसाहती दिसल्या. जिवाणू हळू वाढणारा निघाला.

तरीही वाढवण्याचे यश थोडेच होते. जून १९८४ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात १०० पैकी ५८ जणांत जिवाणू दाखवता आले, त्यातल्या फक्त ११ जणांचे वाढवता आले. उरलेल्यांची भिस्त होती चांदीच्या स्टेनवर आणि साध्या सूक्ष्मदर्शीवर. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या सगळ्या १३ जणांत जिवाणू होता. अल्सर आणि जिवाणू यांची गाठ या मोजणीने बांधली, आणि ती मोजणी एका माणसाने एकामागून एक स्लाइड पाहून केली होती. मार्शल यांनी त्याच वर्षी जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातही दहाव्या दिवशीच्या बायोप्सीत सूज आणि जिवाणू दोन्ही दिसले म्हणून त्या धाडसाला पुरावा म्हणता आले.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने काय दिले?

दोन गोष्टी, आणि दोन्ही प्रकाशाच्या आवाक्याबाहेरच्या.

पहिली, जिवाणू आणि पेशी यांच्यामधली जागा. साध्या स्लाइडवर जिवाणू पेशींच्या ‘जवळ’ दिसतात. श्लेष्म्यात तरंगत येऊन अडकले की खरोखर चिकटले, हे २०० नॅनोमीटरच्या मर्यादेत ठरवता येत नाही, आणि टीकाकारांचा सगळा भर त्यावरच होता: अल्सर आधी झाला, जिवाणू नंतर येऊन बसले. पर्थमध्ये जॉन आर्मस्ट्राँग यांनी घेतलेल्या चित्रांत जिवाणूचे आवरण पेशीच्या आवरणाला भिडलेले दिसत होते. जिथे जिवाणू होते तिथे पेशीच्या वरच्या टोकावरचे सूक्ष्म केसांसारखे उंचवटे झडले होते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका चित्राने सिद्ध होत नाही, पण ‘नुसता पाहुणा’ हे म्हणणे त्यानंतर लंगडे पडले.

दुसरी गोष्ट शेपट्यांची. मार्शल यांनी सुरुवातीला या जिवाणूला कॅम्पायलोबॅक्टरचा भाऊबंद मानले होते. वाकडा आकार, कमी ऑक्सिजनची आवड, सगळे जुळत होते. वाढवलेले जिवाणू जड धातूच्या द्रावणात भिजवून जाळीवर सुकवले की पार्श्वभूमी काळी होते आणि जिवाणू उजळ दिसतो. त्यात एका टोकाला चार ते सहा कशाभिका, म्हणजे पोहण्याच्या शेपट्या, दिसल्या, प्रत्येकीवर पातळ खोळ, काहींच्या टोकाला गोल गाठ. कॅम्पायलोबॅक्टरला टोकाशी एकच कशाभिका असते आणि तिला खोळ नसते. कशाभिकेची जाडी खोळीसकट ३० नॅनोमीटरच्या घरात. विशेष रसायनांचे थर चढवून जाड केल्या तर कशाभिका प्रकाश सूक्ष्मदर्शीतही दिसतात, त्यांची संख्याही सांगता येते. पण त्या थरांखाली खोळ कायमची झाकली जाते. जिवाणूचे नाव आधी कॅम्पायलोबॅक्टर पायलोरिडिस झाले, मग १९८७ मध्ये व्याकरण सुधारून पायलोरी, आणि १९८९ मध्ये त्याला हेलिकोबॅक्टर ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. रायबोसोमच्या आरएनएचा क्रम आणि मेदाम्लांची घडण यांबरोबर ही खोळसुद्धा त्या निर्णयात मोजली गेली.

एक गोष्ट मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी कधीच दाखवू शकला नसता. त्या कशाभिका फिरवत जिवाणू दाट श्लेष्म्यातून मळसूत्रासारखा पुढे सरकतो. हे पाहायला जिवंत जिवाणू, ओला थेंब आणि काचेची भिंगे लागतात. निर्वातात पोहोचलेला जिवाणू मेलेलाच असतो.

वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. रुस्का यांना १९८६ मध्ये भौतिकशास्त्राचे मिळाले होते, पहिल्या यंत्रानंतर तब्बल ५५ वर्षांनी.

आजच्या लॅबमध्ये

आज पोटात जळजळ आणि दुखणे घेऊन आलेल्या माणसाची एंडोस्कोपी झाली की बायोप्सीचा एक तुकडा बऱ्याचदा तिथेच युरीएज चाचणीच्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जिवाणू असेल तर युरियापासून अमोनिया तयार होऊन जेल गुलाबी होते. दुसरा तुकडा पॅथॉलॉजीकडे. तिथे हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, आणि शंका असेल तर गिम्झा. चांदीचा स्टेन कटकटीचा म्हणून मागे पडला आहे. काय शोधायचे हे ठाऊक असल्यामुळे आता सरावलेल्या डोळ्याला हे जिवाणू नेहमीच्या स्टेनमध्येही सापडतात, जे पामर यांना हजाराहून जास्त स्लाइडमध्ये सापडले नव्हते. या निदानासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी कोणी मागत नाही आणि मागूही नये.

त्याच दिवशी त्याच लॅबमध्ये मूत्रपिंडाची बायोप्सी आली तर गोष्ट वेगळी. अंगावर सूज आलेल्या, लघवीतून भरपूर प्रथिने जाणाऱ्या लहान मुलाची स्लाइड प्रकाश सूक्ष्मदर्शीखाली बहुधा अगदी निरोगी दिसते. या आजाराचे नावच मुळी ‘मिनिमल चेंज’. बिघाड असतो गाळणीवरच्या पोडोसाइट पेशींच्या बारीक पायांत: ते एकमेकांपासून सुटे असायला हवेत, त्याऐवजी सपाट होऊन एकसंध पट्टा झालेले असतात. दोन पायांमधली फट ४० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिथे कुठलाही स्टेन कामाला येत नाही. म्हणून मूत्रपिंडाची बायोप्सी घेतानाच एक मिलिमीटरभर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी वेगळा काढून ग्लुटराल्डिहाइडमध्ये ठेवतात. अख्खा नमुना फॉर्मलिनमधून पॅराफिनमध्ये गेला, तर नंतर मागे फिरून घेतलेले चित्र तेवढे चांगले येत नाही.